माने पद्धत

अण्णांच्या तेराव्याला कोंबडीची पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीने दुखवटा आणला. सोयरे आणतात तसाच. आईला पातळ, संग्रामला शर्टपीस, टॉवेल आणि फेटा. पाटणकर नावाचे झोनल मॅनेजर त्यासाठी स्वतः आले होते. मामांनी फेट्याचं टोक हातात घेतलं, तर पाटणकरांनी ते हलकेच आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाले, "आज आम्हीही घरचेच." मामा बाजूला सरकले. संग्रामने डोकं पुढे केलं.

उत्कर्षा, संग्रामची थोरली बहीण, स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. आमटीची पळी तिच्या हातात होती आणि पंगत तिची वाट पाहत होती, पण ती जागची हलली नाही.

फेटा बांधून झाल्यावर पाटणकर मांडवाकडे वळले. "हणमंतराव माने गेले, पण त्यांनी दाखवलेली वाट आम्ही पुसू देणार नाही. पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या तिन्ही जिल्ह्यांतल्या शेडमध्ये पिल्लांना त्यांच्याच रीतीनं पाणी दिलं जाईल. नावही ठरलंय. माने पद्धत."

मागे कुणीतरी टाळी वाजवायला लागलं, आणि आपण कुठे बसलोय हे आठवून थांबलं. आईने पदर डोळ्यांना लावला. त्या रडण्यात दुःख होतं तसा अभिमानही होता, आणि उत्कर्षाला तो अभिमानच जास्त लागला.

कारण अण्णा कशाने गेले ते त्या मांडवात फक्त तिला नीट माहीत होतं. बाकीच्यांना "रक्तात इन्फेक्शन गेलं" एवढंच कळलं होतं.

ती मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात सूक्ष्मजीव विभागात तंत्रज्ञ होती. अण्णा लघवीला जळजळ होते म्हणून स्वतः गाडी चालवत दवाखान्यात आले होते. येताना तिच्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. त्यांच्या रक्तातला जिवाणू तिच्याच टेबलावर काचेच्या प्लेटमध्ये वाढला. ती प्लेट तिने दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. तिने दिली नाही. प्लेटवर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, तिथे जिवाणू वाढत नाही. अण्णांच्या प्लेटवर एकही वर्तुळ नव्हतं. मेथीचा वाफा उगवावा तसा जिवाणू चकत्यांच्या कडेपर्यंत दाट उगवला होता. वॉर्डातून डॉक्टरांनी फोन करून विचारलं, काय देऊ. उत्कर्षाने औषधांची नावं एकेक करून वाचली आणि प्रत्येकापुढे "नाही" म्हणाली. शेवटच्या नावाला तिचा आवाज बदलला नाही, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

जिवाणू ई. कोलाय होता. साधा, आतड्यात राहणारा, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही. अण्णांची सगळी हयात कोंबड्यांत गेली होती.

कोंबड्यांना अँटिबायोटिक द्यायला बंदी आल्यावर अण्णांच्या बोरजाईवाडीच्या शेडमध्ये मर लागली होती. सकाळी उठावं आणि मेलेले पक्षी गोळा करावेत, असं ते वर्ष गेलं. मग कंपनीने अर्क आणला. ओवा, डाळिंबाची साल आणि अर्जुनसाल यांचा. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही, गावात त्याला काढाच म्हणत. काढा चांगला होता. हे उत्कर्षाने रागाच्या भरातही कधी नाकारलं नाही. ओव्यातला तीव्र भाग जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्याला भोकं पाडतो, डाळिंबाच्या सालीतला तुरट भाग त्याला आतड्याला चिकटू देत नाही. पुरेशा मात्रेत दिला तर जिवाणू मरतोच.

पण पिल्लं तो पीत नव्हती. कडू, वर जिभेला चुरचुरणारा. पिल्लं आली की पहिल्या दिवशी त्यांना गूळपाणी द्यायचं, ही सगळ्याच शेडवाल्यांची रीत. अण्णांनी तीच लांबवली. पिल्लांचा पूर्ण लॉट मोठा होऊन विकला जाईपर्यंत रोज टाकीत काढ्याबरोबर गूळ. पिल्लं पिऊ लागली, मर थांबली, पक्षी वजनाला भरले. कंपनीच्या सुपरवायझरने व्हिडिओ काढला, कंपनीने समाजमंदिरात सगळ्यांना बोलावून तो दाखवला आणि अण्णांना शाल घातली. त्या शालीचा फोटो अण्णांनी उत्कर्षाला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, तुझ्याशिवाय घरात आणखी एक शास्त्रज्ञ निघाला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडवर गेली. शेड रिकामी होती. चुना मारलेला, नवीन तूस पसरलेलं. संग्राम पिल्लांना ऊब देणारे ब्रूडरचे दिवे तपासत होता.

"पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा दे मला," ती म्हणाली.

"कापून?"

"वीतभर पुरे. कपलिंग टाकून जोडता येईल."

"दवाखान्यात भरती करतीस का काय त्याला?"

"हो. कॉट रिकामी आहे."

तो हसला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा. हॅक्सॉ आणून त्याने टोकाकडचा तुकडा कापला आणि उजेडाला धरला. आत तपकिरी, बुळबुळीत थर होता, बोटाच्या नखाइतका जाड.

"वास बघ," तो म्हणाला. "बाळंतिणीच्या खोलीत येतो तसला."

"ओव्याचा. पाइप धुतले कधी होते?"

"आधी प्रत्येक लॉट गेला की ॲसिड मारायचो. मग कंपनीच म्हणाली, काढ्यानं पाइप आपोआप साफ राहतोय, कशाला खर्च. बंद केलं." तो थांबला. "का गं?"

"बघते आणि सांगते."

"ताई, कोंबडीचं काय असंल तर मला आधी सांग. बाहेर नको."

तिने तुकडा पिशवीत घातला. हो म्हणाली नाही. संग्रामने ते 'हो' ऐकल्यासारखं केलं.

मिरजेत विभागातल्या नव्या यंत्राने जिवाणूची जनुकं वाचायला दुपारपर्यंतचा वेळ घेतला. यंत्र जिवाणू कुणाचा नातलग आहे तेही सांगतं. पाइपातला आणि अण्णांच्या रक्तातला एकच होता. जवळचा, सारखा असं नाही. एकच.

पडद्यावरची पुढची ओळ तिने पुन्हापुन्हा वाचली, कळली होती तरी. प्रत्येक जिवाणूच्या अंगात छोटे पंप असतात. नको असलेलं काही आत शिरलं की तो ते उपसून बाहेर टाकतो. एरवी हे पंप थोडे असतात आणि बहुतेक वेळ बंद असतात, कारण ते चालवायला ताकद लागते. पाइपाच्या आत गुळावर जिवाणू पोसले गेले, त्यांनी स्वतःभोवती तो बुळबुळीत थर बांधला. थरातून झिरपून काढा त्यांच्यापर्यंत पोचायचा तो मारण्याइतका तेज राहिलेला नसायचा. त्रास होण्याइतकाच. रोज थोडा त्रास, रोज खायला गूळ. ज्यांचे पंप जास्त आणि सतत चालू, तेच टिकले, त्यांचीच पिल्लावळ वाढली. आणि पंपाला निवड कळत नाही. कृष्णेला पूर आला की माणूस घरात शिरलेलं पाणी उपसतो, तेव्हा पाण्याबरोबर चपला, भांडी, पुस्तकं, हाताला लागेल ते बाहेर जातं. या जिवाणूने ओवा बाहेर फेकायला शिकताना माणसाची शेवटची राखून ठेवलेली औषधंही बाहेर फेकायला शिकून घेतली होती. ती औषधं बोरजाईवाडीत कुणी कधी पाहिलीही नव्हती.

उत्कर्षा खुर्चीत मागे टेकून बसली. देशभरच्या प्रयोगशाळा एका जाळ्याला जोडलेल्या होत्या. असा जिवाणू कुठे सापडला हे त्या जाळ्यावर टाकलं की आसपासच्या सगळ्या शेड बंद होतात, पक्षी मारतात, पाइप उपटून नेतात. अण्णांच्या रक्तातला जिवाणू आधीच नोंदला गेला होता, उगम अज्ञात म्हणून. पाइपाचा तुकडा मात्र तिने घरून आणला होता. त्याबद्दल तिला कुणी विचारणार नव्हतं.

तिला विचारणारा माणूस चार दिवसांनी आला. पाटणकर रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभे होते. कपलिंग मागताना संग्रामने सुपरवायझरला पाइप कापल्याचं सांगितलं होतं, आणि सुपरवायझरने वर.

"मॅडम, सहज आलो होतो मिरजेत," ते म्हणाले.

"बोला."

"आईंची तब्येत बरी?"

"बरी. पाइपाबद्दल बोला."

पाटणकरांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. "विज्ञानातलं तुम्हाला मी काय सांगणार. पण एका पाइपावरून निष्कर्ष काढता येत नाही, एवढं मलाही कळतं."

"खरंय. शेजारच्या शेडचे घेते आणखी."

"घेऊन काय होणार? तोच निघेल." त्यांनी समजूत घालावी तशा आवाजात सांगितलं. "घाबरण्यासारखं नाही ते. आम्हाला वरच्या पट्ट्यातल्या काही शेडमध्ये दिसलाय तो. आमची लॅब लक्ष ठेवून आहे. पावसाळ्यापासून दिसतोय, कुठं काय झालं? माणसाला काही नाही, फक्त पक्ष्यांतच दिसला."

उत्कर्षाने मनातल्या मनात महिने मोजले. टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता.

"अण्णा दिवाळीनंतर गेले," ती म्हणाली.

पाटणकरांचा चेहरा बदलला. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"पावसाळ्यात तुम्हाला कळलं होतं. पाइप धुवा एवढं जरी सांगितलं असतंत. गूळ बंद करा एवढं. एक मेसेज. रोज पहाटे चिकनचा भाव पाठवता ना सगळ्यांना, त्याच्याच खाली."

"कंपनीत असं एकट्याच्या मनावर नसतं मॅडम."

"आणि फेटा बांधायला आलात."

"मी माझ्या मनानं आलो होतो. हणमंतराव मला मानत होते." ते खरं असावं, आणि म्हणूनच तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पाटणकरांनी आवाज खाली आणला. "ऐकून घ्या. तुम्ही हे वर टाकलंत तर कंपनीला बोलावं लागेल. आमच्या छापील सूचनेत गूळ नाही. गूळ कुणी आणला ते गावाला माहीत आहे. आज जी माणसं त्यांच्या फोटोला हार घालतात, त्यांच्याच शेडमधले पक्षी गाडले जातील. ती माणसं शिव्या कुणाला देतील? कंपनी त्यांच्या गावात राहत नाही. तुमची आई राहते."

"आणि नाही टाकलं तर?"

"आम्ही गाजावाजा न करता गूळ बंद करतो. काढा तेज करतो. दोन-तीन लॉटमध्ये सगळं जागेवर येईल. माने पद्धतीचं नाव तसंच राहील."

"दोन-तीन लॉट."

"हो."

"तोवर कुणाला लघवीला जळजळ झाली तर?"

पाटणकरांनी चहाचे पैसे देण्यासाठी खिशात हात घातला. उत्कर्षा वळून फाटकाच्या आत गेली. जिन्यापाशी ती थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तिला पाटणकरांचा राग आला होता, तो समजण्यासारखा होता. पण तिला अण्णांचाही राग आला होता. शाल घालून फोटो काढणाऱ्या, दुसऱ्या शेडवर जाऊन गुळाचं प्रमाण समजावून सांगणाऱ्या, घरात शास्त्रज्ञ मुलगी असताना तिला एका शब्दानेही न विचारणाऱ्या अण्णांचा. मेलेल्या माणसाचा राग कुठे ठेवायचा ते कुठल्याही पुस्तकात तिला सापडलं नव्हतं, आणि तिने पुस्तकं पुष्कळ वाचली होती.

रविवारी ती गावी गेली. पिल्लं आली होती. दिव्याखाली पिवळा गालिचा हलत होता. संग्राम बादलीत गूळ विरघळवत होता, आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

तिने दोघांना सगळं सांगितलं. जिवाणूचं, पाइपाचं, पाटणकर काय बोलून गेले ते. संग्राम ढवळायचं थांबला नाही.

"म्हणजे अण्णांना कोंबड्यांनी मारलं."

"पाइपानं मारलं. आणि ज्यांना माहीत होतं आणि बोलले नाहीत त्यांनी."

"आणि आता तू काय करणार?"

"कळवणार."

"ही पिल्लं?"

"जातील."

"सगळी?"

"आसपासच्या सगळ्या शेडमधली."

त्याने काठी बादलीत सोडली. "तुला महिन्याला पगार येतो. तू कळीव. लोक उद्यापासून मला काय म्हणतील त्याचा विचार कर. माने पद्धत म्हणतील आणि थुंकतील. तू अण्णांना दुसऱ्यांदा मारायला निघालीस, ताई."

"कंपनी गूळ आणखी दोन जिल्ह्यांत नेणार आहे, संग्राम. अण्णांच्या नावानं."

"नेऊ दे की. कंपनी काय माझी सोयरी हाय?"

"परवा फेटा बांधून घेताना तर होती."

संग्राम उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. लहानपणी तो मारायला धावायचा तेव्हा असाच उभा राहायचा, आणि ती तेव्हाही मागे सरत नसे.

"बसा दोघं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती उत्कर्षाकडे बघत होती. "मला एवढंच सांग. हे चुकले का?"

"आई, पिल्लं पीत नव्हती म्हणून त्यांनी गूळ घातला. त्यांना दुसरं कुणी..."

"ते मला म्हाईत हाय. गूळ मीच किसून द्यायची. मी विचारलं, चुकले का."

उत्कर्षाने पिल्लांकडे पाहिलं. "हो. चुकले."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग चुकले म्हणून लिही," ती म्हणाली. "पण एकटे चुकले असं लिहू नको. तेवढं माझ्यासाठी कर."

सोमवारी सकाळी उत्कर्षाने कळवलं. पाइप कुठून आणला, कुणाच्या शेडमधून, आपलं त्या माणसाशी नातं काय. गूळ कुणी सुरू केला आणि समाजमंदिरात कुणी शिकवला. पाटणकर टपरीवर जे बोलले ते तिने त्यांच्याच शब्दांत, आपल्या सहीने जोडलं. विभागप्रमुख डॉ. काझींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे शेवटचं पान तुला महागात पडेल."

"पडू दे, सर."

"मी काढ म्हणत नाहीये. मी खाली सही करतोय."

पांढरे पोशाख घातलेली माणसं गुरुवारी बोरजाईवाडीत आली. तोवर कंपनीने खुलासा काढून टाकला होता: संबंधित शेतकऱ्याने परस्पर केलेला प्रकार, कंपनीच्या सूचनांबाहेर. बातम्यांमध्ये दिवसभर माने पद्धत हेच दोन शब्द फिरत होते. गावाबाहेरच्या माळावर जेसीबीने खड्डा काढला. उत्कर्षा रजा टाकून आली होती. लोक तिच्याजवळून जाताना बोलायचे थांबत होते. शेजारच्या शेडवाली बाई, जिच्या घरी उत्कर्षा लहानपणी जेवून झोपून जायची, ती तिच्या पायाशी थुंकली. उत्कर्षाने तोंड फिरवलं नाही.

पशुसंवर्धनचे अधिकारी शेडच्या दारात जबाब घेत होते. सुपरवायझर संग्रामला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता. त्यातलं अर्धं तिला ऐकू आलं. गूळ कंपनीला न विचारता घातला एवढंच म्हण. शेड मोकळी झाली की पहिला लॉट तुला. पाटणकर साहेबांनी शब्द दिलाय.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "गूळ कुणाच्या सांगण्यावरून घालत होता?"

संग्रामने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुपरवायझरकडे. उत्कर्षाकडे त्याने पाहिलं नाही.

"पहिल्यांदा आमच्या अण्णांनी घातला," तो म्हणाला. "मग कंपनीनं समाजमंदिरात सगळ्या शेडवाल्यांना बोलावलं आणि शिकवला. हा माणूस माईक घेऊन उभा होता. गूळ किती, काढा किती, त्यानं फळ्यावर लिहिलं. पाइपाला ॲसिड मारू नका हेही त्यानंच सांगितलं. मी तिथं होतो. दाखवायची बादली मीच ढवळली. लिवा."

"सही करणार?"

"लिवा म्हणालो ना."

सुपरवायझर गाडीकडे चालू लागला. आतून पिल्लांचे क्रेट बाहेर यायला लागले, एकावर एक. संग्राम ते मोजल्यासारखे बघत राहिला. मग तिच्याजवळ आला.

"आता तू जा, ताई."

"संग्राम..."

"खरं होतं ते बोललो. तुझ्यासाठी बोललो न्हाई. काही दिवस हिकडं येऊ नको. आईला मी आणून सोडीन तुझ्याकडं, तिला वाटलं तर."

ती एसटीने मिरजेला परतली. राग तिच्याबरोबर आला. कळवल्यावर तो उतरेल असं तिला कुठेतरी वाटलं होतं. तो उतरला नव्हता. आता फक्त त्याला काम मिळालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी तिने इन्क्युबेटर उघडला आणि एक प्लेट उजेडाला धरली. चकत्यांच्या कडेपर्यंत दाट वाढ. रुग्ण काल रात्री वरच्या पट्ट्यातल्या गावातून आलेला, वय सत्तरच्या आसपास. यंत्राने दुपारी सांगितलं ते तिला सकाळीच कळलं होतं. पण या खेपेला तिला आणखीही काहीतरी माहीत होतं. हा जिवाणू पंपाच्या जोरावर टिकतो ते माहीत होतं. पंप अडवणारं एक औषध दिल्लीच्या संस्थेत माणसांवर तपासून पाहत होते. पक्कं नव्हतं. पण अण्णांच्या वेळी तेवढंही तिने मागितलं नव्हतं, कारण काय मागायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉ. काझी दिल्लीला फोन लावायला आत गेले. उत्कर्षाने वॉर्डचा नंबर फिरवला.

"पेशंटसोबत कोण आहे? घरचं कुणी?"

"आहेत की," नर्स म्हणाली. "थांबा, देते."

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"हॅलो," एक बाई म्हणाली. आवाज थकलेला होता, पण सावरून धरलेला. "मी त्यांची मुलगी बोलतेय. काय झालंय त्यांना?"

"मी लॅबमधून बोलतेय," उत्कर्षा म्हणाली. "कुठे बसायला जागा आहे का तिथे? आधी बसा. मग मला सांगा, घरी शेड आहे का तुमच्या, आणि पाण्यात गूळ घालता का. सगळं सांगा. मला वेळ आहे."